नवसाच्या कोंबड्याची पिसं

२५ ऑक्टोबर १९९८, रविवार
दिवाळीची शिलाई संपली. शेवटची सफारी काल दिली. आज मशीनला तेल, दुकानाला कुलूप, आणि एम-८० वर शिरूरहून निमोणे. बबनचं शेवंतीचं रान घोड नदीच्या पाण्याला टेकलेलं. मासे धरत बसायला तीच जागा बरी.
चिलापी ४, तळहाताएवढ्या. एक मरळ वर येऊन बघून गेली. गळाला पिसं बांधून केलेली शेवटची चांगली माशी बाभळीत अडकून तुटली. रेल्वेतले गार्डसाहेब दौंड सोडून ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेले, तेव्हा काठी आणि डबाभर पिसांच्या माश्या मला देऊन गेले होते. सहा वर्षांत डबा रिकामा. आता स्वतःच बांधायला हव्यात. गळ आहेत, रेशमी दोरा तर धंद्याचाच. पिसं नाहीत.
बबन : "मास्तर, दुकान बंद करून हितं माश्या मारायला येता व्हय?" दर वेळी हेच म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो.

१ नोव्हेंबर, रविवार
पिसं मिळाली. बबनच्या अंगणातला कोंबडा. मान मधाच्या रंगाची, पीस उन्हात धरलं की टोकाला तांबूस. गार्डसाहेबांची सगळ्यात चालणारी माशी याच रंगाची होती.
बबनला विचारलं. "घ्या की, पिसांचं काय." त्याने कोंबडा काखेत धरला, मी मानेची चौदा पिसं उपटली. सगळी एका जागची, कारण एका मापाची लागतात. कोंबड्याने आळी डोक्यावर घेतली. घरात कोणी नव्हतं. आक्का, म्हणजे बबनची आई, सुनेला, बबनच्या बायकोला, दाखवायला शिरूरला गेली होती. सुनेला सातवा लागलाय. आधीची दोन पोटातच गेली, म्हणून या वेळी माहेरीही पाठवलेली नाही.

४ नोव्हेंबर
गिऱ्हाईक नसताना तीन माश्या बांधल्या. गळ पकडीत, दोरा दातात. पहिली उंदरासारखी झाली, तिसरी झकास. एका बाईंनी विचारलं, हे ब्लाउजच्या गाठीला लावतात का. लावत नाहीत म्हटलं तर हिरमुसल्या.

८ नोव्हेंबर, रविवार
वाईट झालं.
अंगणात आक्का बसलेली, मांडीत कोंबडा. मानेवर रुपयाएवढी जागा उघडी पडलेली. आरडाओरडा नाही. नुसतं म्हणाली, "मास्तर, ह्यो म्हसोबाचा हाय."
सून सुखरूप मोकळी झाली की हाच देईन, असा नवस ती सुनेच्या चौथ्या महिन्यात मनात बोलली होती. बोललेलं कोणाला सांगायचं नसतं म्हणून बबनलाही ठाऊक नव्हतं. "देवाला खोटीचं चालत न्हाई. आता काय करू मी?"
दुसरा आणून देतो म्हणालो. "शब्द ह्याच्या नावानं गेलाय. दुसरा कसा चालंल?"
मग मी सांगितलं, आक्का, आमच्यातही कुर्बानीच्या बकऱ्याचा कान फाटका चालत नाही, शिंग मोडकं चालत नाही. मी स्वतः दात, पाय, डोळे बघून घेतो. मला तरी कळायला हवं होतं. बबन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.
त्या घरातून पहिल्यांदाच चहा न घेता निघालो. काठी गाडीवरून सोडलीसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर
बायकोला, रजियाला सांगितलं. ही तळेगाव ढमढेऱ्याची, रागावली की मराठीत सुरू होते. "बकरा आणताना चार वेळा त्याचे कान बघता. आणि लोकांच्या देवाचा कोंबडा भादरून आलात?"
विचारून घेतली, म्हटलं.
"कोंबडीबद्दल घरातल्या बाईला विचारतात. बबनला घरात अंडी किती आहेत ते तरी सांगता येईल का?"
बरोबर आहे तिचं. आणि तिसऱ्यांदाही काही झालं तर? तोंडावर कोणी बोलणार नाही, बबन तर नाहीच. पण आक्काच्या मनात राहील, माझ्या मनात राहील, आणि गावात बोलायला लोकांना कारण मिळेल ते वेगळंच. ती पोरगी मला येता-जाता हसून 'या मास्तर' म्हणते. भीती वाटते. इथे लिहितोय, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही.

१२ नोव्हेंबर
जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर आधी हसला, मग नीट बोलला. कापली की उपटली? उपटली. मग येतील, सात-आठ आठवडे धरा. कापली असती तर अवघड होतं. खाणं चांगलं ठेवा, मासळी द्या, मासळीने पीस लवकर येतं.
म्हणजे डिसेंबर संपता संपता. सुनेची तारीख जानेवारीच्या मध्यावर. जमेल. जमायलाच हवं.

१५ नोव्हेंबर, रविवार
घराकडे न जाता थेट पाण्यावर. नव्या माशीवर चिलापी ११, बारक्या अंबळी मासळ्या मोजल्या नाहीत. इतकी वर्षं टाकतोय, एवढं कधी लागलं नव्हतं. लाज वाटावी इतकं.
बबन लांब बांधावर बसला. मीच गेलो, पिशवी दिली. म्हटलं, उकडून, काटे काढून कोंबड्याला घाल. तो पिशवीत बघत राहिला. "त्येच्याच पिसावर धरल्यात, आन् त्येलाच चारायचं?" आणि हसला. आठ दिवस मी त्या हसण्यासाठी झुरत होतो.

२९ नोव्हेंबर, रविवार
तिसरा रविवार मासे पोचवतोय. मानेवर निळसर खुंट आलेत, दोन दिवसांच्या दाढीसारखे. आक्का अजून बोलत नाही, पण आज दारात माशांसाठी पातेलं काढून ठेवलं होतं. तेवढ्यावर घरी येईपर्यंत गाणं म्हणत आलो.

१३ डिसेंबर, रविवार
चहा मिळाला. साखर कमी होती, पण मिळाला.
पिसं अर्धी झाली. कोंबडा माझ्या एम-८० चा आवाज ओळखतो, फाटकापर्यंत धावत येतो. मासे खातो, मानेला मात्र हात लावू देत नाही. शहाणा आहे.

२६ डिसेंबर, शनिवार
रोजे चालू, ईदच्या शिलाईचा ढीग. दुपारी बबन दुकानात आला, चपला नव्हत्या. सुनेला कळा, तीन आठवडे आधी. जीपने आणलं, दवाखान्यात आत घेतलंय, बाळ आडवं आहे म्हणतात. मी तसाच उठलो, टेप गळ्यात.
बाकावर आक्का. मी दुसऱ्या टोकाला बसलो. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिसं पुरी झाली न्हाईत."
"नाही आक्का. थोडी राहिलीत."
मी मनात दुआ मागत होतो, ती काय पुटपुटत होती ते तिला ठाऊक. दोघं एकाच दाराकडे बघत होतो.
रोजा सोडायची वेळ झाली म्हणून पायरीवर आलो. खजूर तोंडाशी नेला आणि आतून नर्स. सिझर झालं. मुलगी. दोघी ठीक. आक्काने तिला तीनदा विचारलं, "दोघी?" तिसऱ्यांदा नर्स चिडली.
मी रडलो. चारचौघांत, पायरीवर. बबनने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा आठवलं की रोजा अजून सुटलाच नाही.

२७ डिसेंबर
सकाळी रजियाने हलवून उठवलं. दोन महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

६ जानेवारी १९९९
बारसं. दोन झबली शिवून नेली, काजे हाताने केले. नाव अश्विनी. आक्काने मूल माझ्या हातात दिलं. काठीपेक्षा थोडंच जड. कोंबड्याचा विषय कोणीच काढला नाही. तो मांडवात तांदूळ टिपत फिरत होता.

७ फेब्रुवारी, रविवार
सव्वा महिना होऊन गेला. आक्काने निरोप धाडून बोलावलं. गेलो तर कोंबडा टोपलीखाली झाकलेला, बबन गंभीर.
"मास्तर, देवानं त्येचं काम केलं. आता माजं राह्यलंय. तुमच्यात पारखायची रीत हाय म्हनला व्हता. तर तुमीच बघा. तुमी पुरा हाय म्हनला, तर मंगळवारी देते."
नवसाचं जनावर कापायला आमच्यातला माणूस गावोगाव पिढ्यान् पिढ्या बोलावतात. पारखायला कोणाला बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. तेही ज्याने खोट केली त्यालाच. मला एकदम फार बरं वाटलं.
नीट बघितलं. डोळे, तुरा, नखं, दोन्ही पंख पसरून. मग मान. या वेळी त्याने हात लावू दिला. पिसं सगळी आलीत, पुरी. फक्त दोन पांढरी आलीत, मधाच्या रंगात उठून दिसतात.
पांढरं पीस म्हणजे खोट का? बकऱ्याच्या रंगाला आमच्यात कोणी विचारत नाही. तेवढं मला पक्कं माहीत आहे.
तरी कोंबडा परत टोपलीखाली ठेवत म्हणालो, "आक्का, दोन पिसांत रंग भरला नाही. थांबावं लागेल."
"किती दिस?"
"पीस झडून नवं येईपर्यंत. दसरा तरी."
हसू दिसू नये म्हणून बबनने चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. आक्का माझ्याकडे बघत राहिली. रोज त्याला हाताने चारणारी बाई, ती पिसं तिने माझ्या आधी बघितली असणारच. मग तिने टोपली बाजूला केली, कोंबडा शेवंतीत पळाला.
"बरं," म्हणाली. "म्हसोबाला सांगते, मास्तर थांब म्हनले."
म्हणजे आता जाब माझ्याकडे. दसऱ्याला काय सांगायचं, अजून सुचलेलं नाही.