टाकीच्या तोंडाशी

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. पाठ कशी आहे? डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख नक्की केली का? वाकून काही उचलू नकोस. मी सांगायचं आणि तू ऐकायचं नाही हे लहानपणापासूनचं आहे, तरी सांगतो. पाण्याची बादली भाचीला उचलू दे, तिचे हात काही झिजत नाहीत.

आम्ही दोघं मजेत आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. इथे रेंज नीट येत नाही, म्हणून.

आज सुट्टी आहे. खोलीतले बाकीचे बाजारात गेलेत. भावोजी बाहेर नळावर कपडे आपटतायत. कपडे धुतायत की कुणावरचा राग काढतायत कळत नाही. मघाशी खिडकीतून विचारलं, "कुणाला लिहितोस रे?" मी म्हटलं, "ताईला." तर म्हणाले, "लिही, की नवरा तब्येतीने सुधारलाय." खोटं आहे ते. गालफडं बसलीयत त्यांची.

काम तुला माहीतच आहे, तरी नीट सांगतो. कारखाना सध्या बंद ठेवलाय आणि तेवढ्यात सगळ्या टाक्यांची दुरुस्ती उरकायची आहे. भावोजी टाकीच्या आत शिरून वेल्डिंग करतात. आत जायला एकच भोक असतं, माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढं. त्या भोकाच्या बाहेर मी बसतो. मला सगळे 'तोंडवाला' म्हणतात. आत माणूस असेपर्यंत मी तोंडावरून हलायचं नाही, हवेचा पंखा चालू आहे ना बघायचं, आणि आतल्याला काही झालं तर आरडाओरड करून माणसं जमवायची. ऐकायला किती सोपं! दिवसभर बसून राहायचे पैसे मिळतात म्हणून गवंडी मला चिडवतात.

आत वॉकीटॉकी नुसती खरखरते, म्हणून भावोजींनी स्वतःची पद्धत काढली. थोड्या थोड्या वेळाने ते आतून पत्र्यावर हातोडीने दोन ठोके देतात. मी बाहेरून दोन द्यायचे. "म्हणजे तू जागा आणि मी जिवंत," असं ते म्हणतात. सलग ठोके दिले तर गडबड आहे असं समजायचं.

आणि ताई, आम्ही रोज डबल करतोय. हे तुला भावोजींनी सांगितलेलं नसणार. आम्ही रोजंदारीवाले, आमची हजेरी लागते. कंपनीच्या माणसांना ओव्हरटाइम असतो, अमुक तास झाले की त्यांना कुणी थांबवून ठेवू शकत नाही. आमची एक हजेरी संपली की मुकादम तिथेच दुसरी लावतो. कागदावर आम्ही घरी जाऊन, झोपून, अंघोळ करून ताजेतवाने परत आलेले असतो. मी एकदा म्हटलं, "मुकादम, दिवस कधीतरी मावळू द्या की." तो म्हणाला, "हजेरी घेताना बोलला नाहीस ते? नको असेल तर सांग, दाराबाहेर पन्नास जण उभे आहेत." आवाज चढवला नाही त्याने. चहा पीत पीत बोलला.

पण मुकादमाला एकट्याला नावं ठेवून उपयोग नाही. डबल भावोजींनीच मागून घेतलीय. तुझं ऑपरेशन झालं की महिनाभर घरी बसायचं त्यांनी ठरवलंय. रोजंदारीवाल्याला रजा कुठली? बसलेल्या दिवसाचं कुणी देत नाही. म्हणून येणारा महिना ते आत्ताच कमावून ठेवतायत. आणि तोंडावर मीच पाहिजे असा त्यांचा हट्ट. मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितलं, "बाहेर माझा मेहुणा बसणार असेल तरच मी आत जातो. डोळे मिटून भरवसा आहे माझा त्याच्यावर."

तेव्हा माझी छाती फुगली होती. आता ते वाक्य आठवायलाही नको वाटतं.

रेंजचं मी तुला खोटं सांगितलं. रेंज चांगली आहे. पण फोन आपण स्पीकरवर ठेवतो आणि भावोजी शेजारी बसलेले असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको होतं.

गुरुवार दुपारची गोष्ट. भर उजेडात, आजूबाजूला एवढी माणसं वावरत असताना. संध्याकाळी चहाला उभे होतो. झाडणाऱ्या मावशी आल्या आणि हसत सुटल्या. "काय हो तोंडवाले, कमाल आहे तुमची! डोळे मिटलेले, तोंड उघडं, चांगले घोरत होतात. आणि आतून टकटक झालं की हात आपला वर! दोनदा हाणायचा की परत मांडीवर. मी झाडू टेकून बघत बसले. तीन-चार वेळा तरी झालं."

सगळे हसले. मीही हसलो.

ताई, मी झोपलो होतो आणि माझा हात उत्तर देत होता. आत तुझा नवरा मी जागा आहे असं समजून काम करत होता. वेल्डिंगला जो वायू लागतो ना, त्याला वास नाही की रंग नाही. टाकीत तो साठला तर हवेची जागा घेतो. गुदमरायला होत नाही, खोकलासुद्धा येत नाही. माणसाला फक्त झोप येते. पंखा बंद पडला असता तर? ते आत आडवे झाले असते, आणि बाहेर मी, हातोडी मांडीवर घेऊन.

भावोजी तेव्हा हात धुवायला गेले होते. मावशींना मी हात जोडले, कुणाला बोलू नका म्हणून. त्यांचं हसू तिथेच थांबलं.

शुक्रवारी मी बुटात खडे घालून उभा राहिलो. मान ओली करत राहिलो, मांडीला चिमटे काढले, पाढे म्हटले. तेराचा पाढा मला शाळेत आला नाही तो इथे यायला लागलाय. लहानपणी तू मला कुंभकर्ण म्हणून हाका मारायचीस, पाय धरून अंथरुणातून ओढायचीस. आता कुणी तसं ओढणारं पाहिजे होतं.

आणि काल, शनिवारी, मी उभाच होतो. डोळे उघडे होते, हे मी शपथेवर सांगतो. समोरचा पंखा दिसत होता. तरी मध्येच पाहिलं तर हातोडी माझ्या डोक्याच्या वर गेलेली होती. ती मी कधी उचलली? आतून ठोके आले होते का? दोन होते की जास्त? मला काहीच आठवेना. भोकात डोकं घालून ओरडलो, "भावोजी!" आतून शिवी आली. आयुष्यात शिवी ऐकून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर विचारलं, "का ओरडलास रे?" मी म्हटलं, "सहज." सहज म्हटलं गं मी!

जिभेवर येतं आणि गिळून टाकतो. सांगितलं तर त्यांचा भरवसा जाईल, डबल जाईल, तुझ्या उशाशी बसायचा महिना जाईल. नाही सांगितलं तर काय जाईल ते लिहायला हात धजत नाही.

म्हणून ठरवलं होतं की तुला लिहावं. तू त्यांना काहीतरी निमित्त करून बोलावून घे. पाठ जास्त दुखतेय म्हण, रडून दाखव. तू म्हटलंस की ते धावत येतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

आत्ता एवढं लिहून पाकिटावर पत्ता घातला आणि दिवस मोजले. पत्र तुला पोचायला चार-पाच दिवस. उद्या सोमवार. उद्या सकाळी ते त्या भोकातून आत सरकणार आणि मी हातोडी घेऊन बसणार. तुला लिहितोय असं दाखवून मी कुणाला फसवतोय?

कपडे वाळत घालून ते आता खोलीत येतायत. पाकीट मी चिकटवत नाही. तुझ्या हातात हे पत्र पडलं, तर ते आधी त्यांनी वाचलंय असं समज.

तुझा,
अजून घाबरलेला धाकटा

*

अगं,

ह्याने कागद माझ्या हातात कोंबले आणि दाराबाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कानाखाली द्यावीशी वाटली. दुसऱ्यांदा वाचलं आणि मी खाली बसलो.

मला पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो. गुरुवारी दुपारी तीन-चार वेळा ठोके दिले, असं त्या बाई म्हणतात. मला एकही आठवत नाही. त्या दुपारचा जोड मी संध्याकाळी बघितला होता. अर्धा सरळ होता आणि अर्धा वाकडातिकडा, कुणीतरी भलत्यानेच केल्यासारखा. चष्म्याला दोष दिला आणि गप्प बसलो. मेहुण्याला कशाला घाबरवा, म्हटलं.

म्हणजे आत मी झोपलेलो, बाहेर हा झोपलेला, आणि आमचे हात एकमेकांना सगळं ठीक आहे असं सांगत होते.

ते थकव्याने होतं की हवेने, मला माहीत नाही. ह्याला आत घेतलं, पाणी दिलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

उद्या बोलून ठरल्याशिवाय मी आत जाणार नाही. मुकादमाला सांगणार, एक हजेरी संपली की दोघं खोलीवर जाणार, जमत असेल तर ठेव. तो ठेवणार नाही. दाराबाहेरचे पन्नास त्याने आम्हालाही दाखवलेत. त्यांतला जो आत जाईल त्यालाही गाठून हे सांगणार आहे, मुकादमाला आवडो न आवडो.

तुझ्या उशाशी महिनाभर बसायचं आता जमणार नाही. पण जितके दिवस बसेन, ते जागेपणी मीच बसेन.

तुझा,
घरी येणारा