"वळखलं का मला?"

मंगळवार, संध्याकाळ

आज डोकंच फिरलं. माझी ड्युटी असलेल्या फ्लूच्या वॉर्डात वळसंगचे शिवप्पा आजोबा आहेत, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर टिकला तर आयसीयूत न्यावं लागणार नाही. एवढंच चार दिवस घसा फोडून सांगतेय. पण गावाकडून येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, "वळखलं का मला?" आणि आजोबा नाव सांगायला मास्क काढतात!

आज पुतण्या आला. दारातच बजावलं, त्यांना बोलायला लावू नका. "न्हाय ओ म्याडम," म्हणाला. मी पाठ फिरवते तोवर, "आप्पा, वळखलं का?" मास्क खाली, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. मी ओरडले.

"नुसतं नाव इचारलं की! लई चिडताय तुमी."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि एवढं समजावता येईना? शेवटी मास्क बसवून आजोबांना म्हटलं, ओळखलं असेल तर ह्यांचा हात दाबा. त्यांनी दाबला. आकडा हळूहळू नव्वदवर आला. हे पहिल्याच दिवशी का सुचू नये मला?

पुतण्या मात्र हाताकडे बघत राहिला. "दाबला खरा. पर मलाच वळखून दाबला कशावरनं?"

आणि पुन्हा वाकला. मी त्याचं बखोट धरून त्याला बाहेर काढलं.