बाल्कनीत एक्कावन्न

१ सप्टेंबर
आजपासून मी आमच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एका घरात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या संघाच्या, इथल्या चॅप्टरचा (शाखेचा) अध्यक्ष. संकल्प तीन. भरती दुप्पट. समाजसेवेचे तास आख्ख्या आयोवा राज्यात सगळ्यात जास्त. रोज पहाटे पळायला जाणे (हा उद्यापासून).

जिन्यातले फोटो पुन्हा पाहिले. दरवर्षी नवी पोरं आली की पुढच्या दारावरच्या लाकडी बाल्कनीत सगळ्या घराचा एक फोटो निघतो. १९३१ साली चौदा जण. गेल्या वर्षी तीस. समोरच्या फ्रॅटर्निटीचे अठ्ठेचाळीस! लाज वाटते. यंदा आपले पन्नासच्या वर, नाहीतर नावाचा ग्रँट वेक्स्लर नाही.

९ सप्टेंबर
भरती संपली. एकोणतीस पोरं! निवड कडक होती, हो म्हणेल त्यालाच घेतला. जुने आम्ही बावीस. एकूण एक्कावन्न.

नव्यांत एक ओरिन स्वोबोदा आहे, सुताराचा मुलगा. बोलतो कमी. सगळे जल्लोष करत होते आणि हा मान वर करून बाल्कनीकडे बघत होता. मग नुसतं "हं" म्हणाला. मला ते "हं" आवडलं नाही.

१६ सप्टेंबर
समाजसेवा. गावातल्या म्हाताऱ्यांच्या दारापुढे व्हीलचेअरसाठी लाकडी उतार बांधतो आपण. ओरिन शिकवतो, बाकीचे राबतात, मी टी-शर्ट वाटतो. एका आजींच्या पायरीत त्यानं स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. "असं लाकूड दिसलं की त्याच्यावर पाय द्यायचा नाही," म्हणाला. पोरांनी माना डोलावल्या. एकोणतीस पोरांचे सहा-सहा, एका दिवसात एकशे चौऱ्याहत्तर तास, फॉर्मवर आजींच्या सहीसकट. झकास.

पळणं राहिलं. गुडघा दुखतो.

२० सप्टेंबर
ओरिन खोलीवर आला. म्हणे, "अध्यक्षसाहेब, बाल्कनीची तुळई कुजलीय. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जातो." मी विचारलं, तुला खुपसायला सांगितला कुणी? नव्यांनी वर्षभर सूचना करायच्या नसतात, ही आपली परंपरा. तर म्हणतो, "परंपरा किती वजन पेलते, साहेब?" काय हा आगाऊपणा! दहा तास जादा समाजसेवा ठोकली.

२७ सप्टेंबर
घर सांभाळणाऱ्या लिंडक्विस्टबाई गेली अकरा वर्षं दुपारी बाल्कनीखाली विणत बसतात. आज खुर्ची पार मेपलच्या झाडाखाली नेलेली. का म्हणून विचारलं, तर "ऊन खाते रे बाळा." आभाळ गच्च भरलेलं होतं.

दारातल्या पायपुसण्यावर बोटाएवढा गंजका खिळा पडला होता. वरून आला असावा. उचलून खिशात टाकला. उगाच चर्चा नको.

३ ऑक्टोबर
नव्यांनी मागच्या दारानं यायचं असतं. हल्ली जुनेही मागच्याच दारानं येतात. काय ही नम्रता! टपालवालासुद्धा पत्रं फाटकावर ठेवून जातो.

बाल्कनीला स्वतः पांढरा रंग दिला. एके ठिकाणी ब्रशचा दांडा आत गेला. तिथे दोन हात जास्त मारले. आता दाखव म्हणावं कुठे कुजलंय ते.

१० ऑक्टोबर
बाल्कनी डावीकडे चार बोटं उतरली आहे. दमट हवा, दुसरं काय. पुढचं दार घासतं. घरचं कुत्रं उंबऱ्यापाशी येऊन गुरगुरतं आणि परत फिरतं.

मुख्यालयाचं पत्र आलं: घराची तपासणी झाली का? लिहिलं: सर्व उत्तम.  

१४ ऑक्टोबर, सकाळी ९
आज फोटो. नाश्त्याला ओरिन सगळ्यांदेखत म्हणाला, "मी वर जाणार नाही, आणि कुणाला जाऊ देणार नाही." मी म्हणालो, जो येणार नाही त्याचं नाव कापलं.  अकराच्या ठोक्याला सगळे वर, असं बजावून उठलो.

खाली पोरं गाद्या उन्हात घालतायत. चांगली सवय.

१४ ऑक्टोबर, दुपारी ४
हॉस्पिटल. डाव्या हातानं लिहितोय.

अकराला मी वर गेलो. खाली हिरवळीवर पन्नास जण उभे, जुनेसुद्धा. "या रे भित्र्यांनो, काही होत नाही!" म्हणून एकदा पाय आपटला. एकदाच.

पाय मोडला, उजवा हात मोडला, मान शाबूत. खाली घरातल्या सगळ्या गाद्या पसरलेल्या होत्या. पहिला धावत आला तो ओरिनच. म्हणाला, "हलू नका, साहेब. मी आहे." मी त्याला विचारलं, सगळे वर असते तर? त्यानं हिरवळीवरच्या पन्नास जणांकडे बघितलं. मी पुढे विचारलं नाही. घाबरलो होतो.

२८ ऑक्टोबर
नगरपालिकेनं घराला कुलूप लावलं. मुख्यालयानं चॅप्टर बंद केला. एकोणतीसच्या एकोणतीस पोरं समोरच्या फ्रॅटर्निटीत गेली.

मला लिंडक्विस्टबाईंच्या बहिणीकडे खालची खोली मिळाली. आज व्हीलचेअर घेऊन पोचलो, तर दाराला नवाकोरा उतार. ओरिन आणि ती सगळी पोरं घामाघूम उभी, अंगात समोरच्यांचे टी-शर्ट. मी चाक ठेवायला बिचकलो. ओरिन म्हणाला, "या बिनधास्त, दोनदा तपासलंय." जरासुद्धा करकरलं नाही.

मग त्यानं समाजसेवेच्या तासांचा फॉर्म पुढे केला. आपलाच जुना नमुना, मीच छापून घेतलेला. समाजसेवा कोणाची केली: ग्रँट वेक्स्लर. तास: एकशे चौऱ्याहत्तर. खाली लाभार्थ्याची सही लागते.

केली. डाव्या हातानं.