तोंड वळवायची मशीन

९ ऑक्टोबर १९६४, देरा, दुबई

हो, दिली. परक्या कोणाला नाय दिली, कासमभाईला दिली. मरियमबुबू सकाळपासून तेच तेच विचारतेय. "जुलेखा, तुझ्या नवऱ्याची मशीन घराबाहेर गेलीच कशी?" चालत नाय गेली बुबू, कासमभाईच्या खांद्यावरून गेली. हसली नाय. शेजारीण चांगली, पण हसायला दोन दिवस घेते.

डोकं झिजलंय मशीनचं. काडतुसात छर्रे भरून वर चकती बसवली की कागदाचा काठ आत वळवून दाबायचा, ते काम त्या डोक्याचं. आता काठ अर्धाच वळतो. कानाजवळ हलवलं की छर्रे खुळखुळतात. असलं काडतूस शिकाऱ्याच्या हातात द्यायचं म्हंजे...

का.भाई म्हणाला, माझा मावसभाऊ मुंबईच्या लाँचवर आहे. डोंगरीत लोहार आहे. हुबारा पक्ष्याच्या शिकारीआधी मशीन परत तुमच्या मेजावर, भाभी. ह्यांचा दोस्त. ह्यांना कबरीत उतरवलं तेव्हा खाली उभा होता. त्याला काय चिठ्ठी लिहून मागू?

मी म्हटलं, लोहाराकडून तुमच्या मिशीला पण थोडं पाणी देऊन आणा, गंजलीय. लाजला. बुबूला हेही सांगितलं.

१४ ऑक्टो.

दिराचा तोंडी निरोप आला, लाँचवरच्या माणसाकडून. "भाभीला सांगा, विधवा बाई परमुलखात एकटी बरी दिसत नाय. गावी या." गावी म्हंजे त्यांच्या चुलीपुढे. त्यांच्या बायकोच्या हाताखाली. तिचं तांबोशीचं कालवण खाऊन मी पुढं किती वर्षं काढणार.

उलट निरोप: काम आहे. काम असेपर्यंत यायची नाय.

मेज रिकामं. मशीन लावायच्या जागी लाकडावर दोन खड्डे पडलेत. त्यावर सुपारीचा डबा ठेवला.

१७ ऑक्टो.

का.भाई आला होता. लाँच गेली म्हणतो. खजूर आणले. मी विचारलं, मशीन मुंबईत रडत तर नाय ना? म्हणाला, "भाभी, तुम्ही पण."

पुढं म्हणाला, तोवर दुसरी बघून ठेवा. जुनीचं काय सांगावं. सिंध्याच्या दुकानात नवा माल आलाय. तुम्हीच पसंत करा, तुमच्या हाताला काय बसेल ते मला नाय कळणार.

हे मला आवडलं. माझ्या हाताला काय बसतं हे कोणी विचारत नाय.

२० ऑक्टो.

सिंध्याकडे गेले. बुरख्यात, पिशवीत रिकामी काडतुसं आणि तुरीची डाळ. सिंधी: "बहनजी, आदमी को भेजो, ये बंदूक का सामान है." म्हटलं, आदमी कब्रस्तान में है, वहाँ भेजो किसी को. त्याने स्टूल पुढे केलं.

त्याच्याकडे दोन प्रकार.

एक आपल्यासारखीच, मेजाला आवळायची. लोखंडी, एका हाताने दांडा दाबायचा, दुसऱ्याने मूठ फिरवायची. सुंदर. पण डोकं नवंकोरं, आतली खाच धारदार. डाळ भरून एक वळवलं, कागद कापला. ह्यांनी पहिल्या वर्षी आपल्या मशीनवर कितीतरी कागद असेच फाडले होते, तेव्हा कुठे खाच गुळगुळीत झाली. हिलाही तसंच राबवावं लागेल.

दुसरं नुसतं डोकं. सुपारीएवढं. आत पिना. ते विजेच्या ड्रिलला लावायचं. सिंध्याने ड्रिल चालू केलं, मी काडतूस धरलं. भर्रकन. कागद करपला, वास आला. सिंधी म्हणतो, "ये प्लास्टिकवाले के लिए है. तेल कंपनी का साहब लोग प्लास्टिक ही मारता है अब." प्लास्टिकला गरमी लागते, त्याशिवाय काठ वळून राहत नाय. कागदाला गरमी नको, सावकाशी हवी, काठाला थोडं मेण हवं.

म्हंजे कागद पाहिजे की प्लास्टिक, आधी ते ठरवायचं. माझी सगळी गिऱ्हाइकं कागदवाली.

काही न घेता आले. डाळ परत आणली. रात्री तीच शिजवली.

२ नोव्हें.

मोसम सुरू. एकही गिऱ्हाईक नाय. गेल्या वर्षी ह्या दिवसांत दाराशी चपलांचा ढीग असायचा.

आजूबाजूला कळलं असेल, मशीन नाय. का.भाई दोन आठवडे फिरकला नाय. ताप असेल.

६ नोव्हें., जुम्मा

बू सालेम आला. म्हातारा शिकारी, ह्यांचं पहिलं गिऱ्हाईक, अर्धं हिंदी अर्धं अरबी. काम द्यायला नाय आला. ह्यांच्यासाठी फातिहा पढायला. भला माणूस. चहा दिला.

त्याच्या कमरेच्या पट्ट्यात काडतुसं. सवयीने मी एक मागून बघितलं. काठ वळवलेला, छान, घट्ट. आणि त्या वळलेल्या काठावर केसाएवढी एक रेघ.

ती रेघ मी ओळखते. ह्यांच्या हातून एकदा मशीनचं डोकं दगडी फरशीवर पडलं होतं, आत टवका उडाला. तेव्हापासून वळवलेल्या प्रत्येक काडतुसाच्या काठावर ती रेघ उमटते. दुसऱ्या कुठल्या मशीनची नसणार. बोटाने चाचपली. तीच.

"ये किधर भरवाया, बाबा?"

"शारजा. कासम. अच्छा काम." मग चहाचा घोट घेऊन, "पहले भी वही करता था ना, आपके घर में."

पुढं काय बोलले आठवत नाय. कप धुतला. परत धुतला.

७ नोव्हें.

लाँच नाय, लोहार नाय, मुंबई नाय. मशीन इथून शारजाला गेली. जीपमधून. ओहोटी बघून निघाली असेल, वाळूत चाक रुतायला नको म्हणून. तेवढी काळजी घेणारा माणूस आहे. झिजलेलं डोकं तिकडेच कोणाकडून तरी घासून घेतलं असेल, टवका तेवढा राहिला.

बू सालेमला दोष नाय. गेल्या मोसमात मी इद्दतीत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस. परपुरुषासमोर यायचं नाय. ह्या दारावर चादर टांगलेली. चादरीच्या त्या बाजूला कासमभाई गिऱ्हाईक घ्यायचा, रिकामी काडतुसं चादरीखालून आत सरकवायचा. मी इकडे मेजावर भरायचे, वळवायचे, बाहेर सरकवायचे. गिऱ्हाइकांनी अख्खा मोसम कोणाचा हात बघितला? त्याचा. मी खोकले असेन तेवढंच माझं.

आणि चादरीआडून तो विचारायचा. भाभी, आज काठ का सैल? मी सांगायचे. खोरावरून, खाडीकडून दमट वारा आलाय, कागद फुगलाय, आधी डब्यात तांदळावर ठेवून सुकवा. भाभी, मेण किती? नखाच्या पांढऱ्याएवढं. भाभी, मूठ किती दाबायची? कान द्या, आवाज बदलला की थांबा. तो तिकडे बसून आवाज ऐकायचा. मी मुद्दाम सावकाश फिरवायचे, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.

बसून शिकवलं. चांगलं शिकवलं. काठ खरंच छान वळवतो मेला.

८ नोव्हें.

मरियमबुबूला सांगितलं. हसली. कशावर ते मी विचारलं. "मिशीला पाणी" वर. महिन्याने.

मग रडली. मी नाय.

१२ नोव्हें.

आला. स्वतःहून. बू सालेमने सांगितलं असणार. दाराबाहेरच बसला, गेल्या वर्षी बसायचा तिथेच. आता मधे चादर नाय, तरी तोंड रस्त्याकडेच.

"ताप उतरला का?" म्हटलं.

"भाभी, मी सांगणारच होतो."

"कोणत्या लाँचने?"

मग बोलला. शेख लोक बाईमाणसाच्या हातच्या काडतुसावर भरवसा टाकत नाय. बंदुकीत अडकलं, फुटलं, तर बाईला कोण विचारणार? पुरुषाचं नाव लागतं.

"गेल्या वर्षी कोणाच्या हातची मारत होते?"

"तेच तर. नाव माझं होतं, म्हणून मारत होते."

खरं बोलला. म्हणूनच जास्त लागलं.

मग म्हणतो, शारजाला या. मागे खोली आहे. चादर लावतो. काडतुसं आत पाठवतो, तुम्ही नुसती तोंडं वळवा. बाकी माझ्यावर. माझा हात तुमच्याइतका नाय अजून.

मी म्हटलं, कासमभाई, इद्दत एकदाच असते. तुम्ही मला जन्माची लावताय.

उठला. उंबऱ्याशी थांबला. काही बोलायचं होतं बहुतेक. नाय बोलला. मी पण नाय विचारलं.

आजपासून नुसता का. 'भाई' माझ्या शाईचं नुकसान.

१३ नोव्हें.

सिंध्याकडे. लोखंडी मशीनवर हात फिरवला. सवयीची. डोळे मिटून चालवीन. पण तिने मी तीच कागदी काडतुसं भरणार, तीच गिऱ्हाइकं, जी आता शारजाला जातात.

डोकं घेतलं. सुपारीएवढं. आणि ड्रिल. पैशाचं लिहीत नाय, लिहिलं की दुखतं. सिंधी म्हणाला, "बहनजी, पक्का? वापस नहीं लूँगा." म्हटलं, मैं भी वापस नहीं जाऊँगी. त्याला काय कळलं कोण जाणे, मान हलवली.

१५ नोव्हें.

ड्रिल हातात धरून जमत नाय, डोकं भटकतं, काठ एका बाजूला जाड. खोरावर लाँच बांधणाऱ्या सुताराकडून सागाचा तुकडा आणला, काडतुसाच्या मापाचं भोक पाडून घेतलं. काडतूस त्यात घट्ट उभं राहतं. ड्रिल वरून सरळ आणायचं. बंदुकीच्या दारूचा डबा मरियमबुबूच्या माडीवर नेऊन ठेवला. विजेची ठिणगी आणि दारू एका खोलीत नको, हे कोणी शिकवायला नको.

वायर बल्बच्या होल्डरातून. ड्रिल चालू की दिवा मंद.

आधी डाळ भरून. पहिली दोन वितळली, घोड्याच्या ओठासारखी लोंबली. तिसरं कच्चं, अंगठा दाबला की उघडलं. लवकर उचललं की सुटतं, उशीर केला की वितळतं. मधला तो एक क्षण कानालाच कळतो. कान माझा आहे.

संध्याकाळपर्यंत एक असं जमलं की नखाने उकलेना. मरियमबुबूला दाखवलं. ती: "जुलेखा, पण प्लास्टिकवाले तर सगळे साहेब. साहेब तुझ्या दारात येणार?" तेच ना. साहेब कशाला येईल.

१९ नोव्हें.

बू सालेमला बोलावलं. त्याच्यापुढे वळवून दाखवलं. चादर नाय, तोंडावर ओढणी फक्त. आता छर्रे खरे. त्याने बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं, काडतुसाकडे नाय. मग विचारलं, "पिछले साल भी तुम?"

"हो. मैं."

"और कासम?"

"कासम दरवाजा था."

म्हातारा हसला नाय. दाढीवरून हात फिरवला. प्लास्टिकची थोडी घेतली, वाळवंटात मारून बघतो म्हणाला. चांगली निघाली तर तेल कंपनीच्या एका साहेबाला घेऊन येईन. फुटली तर... ते वाक्य त्याने सोडलं. मी पण सोडते.

२४ नोव्हें.

बू सालेम अजून आला नाय. वाळवंटात लांब गेला असेल. का काहीतरी झालं असेल.

दिराचा परत निरोप. जुम्म्यानंतर लाँच सुटतेय, जागा ठेवलीय.

का.कडूनही निरोप. म्हणे, मशीन परत देतो, पण तुम्ही शारजाला या. कोणालाच उत्तर दिलं नाय. मेजावर ड्रिल, खाली पेटी. पेटीत अजून काही भरलं नाय, रिकामीच उघडी आहे.

मरियमबुबू म्हणते, विसर आता त्या लोखंडाला, एवढी काय जळतेस. सगळ्यांना तसंच वाटतंय. मीच वाटू दिलंय. दिराला, बू सालेमला, बुबूला. आठ महिने झाले इद्दत संपून, आणि का.ची बायको तर केव्हाच वारलीय.

मला कासमशी निकाह करायचा होता. तो विचारील म्हणून मशीन दिली.