सगुणेची थोरली जाऊ

जानेफळ,
माघ वद्य तृतीया

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन महिना झाला, आणि माझं उत्तर नाही म्हणून तू रागावला असशील. पण गावात काय चाललं होतं ते आधी ऐक, म्हणजे पुढचं सांगणं मला सोपं जाईल. आबांच्या पेटीतली ती जुनी कादंबरी तुला आठवते ना? आपण दोघांनी खळ्यावर बसून वाचली होती, सगुणेची? पुण्याची एक कंपनी तिचा बोलपट काढते आहे. कादंबरीतलं गाव पैनगंगेच्या खोऱ्यातलं, म्हणून शोधत शोधत ते आपल्याकडे आले. माळावर तीन मोटारी उभ्या राहिल्या आणि अख्खं जानेफळ कामधाम सोडून तिकडे पळालं. मी वर्गात पोरींना शिकवत होते, शाळा सुटेपर्यंत कशीबशी थांबले.

एका गाडीत आवाज टिपायचं यंत्र आहे. आतला माणूस कानांवर झाकणं लावून बसतो आणि त्याला दूरचं सगळं ऐकू येतं. त्याच्यासाठी बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली, महादेवरावांच्या मळ्यातली मोट दोन तास बंद ठेवली, तरी एक कावळा काही ऐकेना. मी त्या माणसाला विचारलं, मी एकदा ऐकू का? त्याने झाकणं माझ्या कानांना लावली. दादा, विहिरीवर बाया बोलत होत्या ते मला माळावर ऐकू आलं! आणि त्या माझ्याबद्दलच बोलत होत्या. काय, ते पुढे सांगते.

गावातली माणसंही त्यांनी निवडली. पुंजाजीने शेतकऱ्याच्या कामासाठी मिशी काढली, तर त्याची बायको गोजरबाई दारातच म्हणाली, "कोन होय हा मानूस?" पंचांपैकी एक झाले आपले रंगराव पाटील, शाळा कमिटीचे अध्यक्ष. तोंडाला रंग लावून चार दिवस आरशासमोरून हलले नाहीत.

सगुणेचं काम करते ती कोकिळा, मुंबईची. कादंबरीत सगळे पुस्तकी बोलतात, पण दिग्दर्शक नारायणरावांना इथलीच बोली हवी होती, म्हणून ती शिकवायला त्यांनी मला बोलावलं. रोज शाळेनंतर आम्ही चिंचेखाली बसायचो. 'मला'चं 'मले' म्हणताना तिला हसू यायचं, 'का'च्या जागी 'काऊन' म्हणताना भांडल्यासारखा सूर लागायचा. मी तिला शब्द सांगायचे आणि ती मला प्रश्न विचारायची. एकदा म्हणाली, "शालूबाई, तुम्ही आईशी असं बोलता, मग माझ्याशी पुस्तकासारखं का?" मी तिला पुढचा शब्द सांगितला. ती एकटी राहते, गावोगाव फिरते, स्वतःचे निर्णय स्वतः घेते. मला तिच्याबद्दल फार कुतूहल वाटायचं. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते की. पण भीती वाटते म्हणून कोणी दुसऱ्याने माझ्या वतीने बोलावं, असं नाही वाटत."

कादंबरीत सगुणेची थोरली जाऊ आहे, माझ्यासारखीच विधवा. तिला नावसुद्धा नाही, नुसती 'थोरली'. पंच बसतात, तिचा पाट लावून तिला दुसऱ्या घरी द्यायचं ठरवतात, आणि ती खाली मान घालून रडते. बस, एवढंच. त्या कामाला बाई मिळेना. नारायणरावांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीवरच्या बाया तेच बोलत होत्या, की मास्तरीण आता तोंडाला रंग लावणार. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "जाय. पन डोक्यावरचा पदर पडू देजो नोको."

रंग मी लावला नाही. लुगडंही माझंच होतं. काम सुरू होण्याआधी नारायणरावांनी विचारलं, "तुमच्याकडची बाई इथे नुसती रडेल का? काही बोलेल?" तेव्हा तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं, दादा. वडनेर भोलजीचे उत्तमराव, त्यांची तीन लेकरं, माझ्या पाटाची चैत्रातली तारीख, सगळं ठरवून लिहिलेलं. मी म्हटलं, बघू. मग सगळं शांत झालं, पंच बसले, रंगराव पाटलांनी ठराव सांगितला, आणि मला रडू आलंच नाही. मी मान वर केली आणि म्हणाले, "मले कोनी इचारलं का?"

पाटील आपलं पुढचं वाक्य विसरले. मला वाटलं, मी सगळं बिघडवलं. पण नारायणरावांनी यंत्र थांबवलं नाही. नंतर गाडीतला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "पुन्हा नको. हेच ठेवा." आई निंबाखाली बसून बघत होती. घरी येताना तिने माझा हात धरला होता, लहानपणी बाजारात धरायची तसा.

आठवड्याने शाळा कमिटीने मला बोलावलं. शिक्षिकेने सिनेमात काम केलं, शाळेला बट्टा लागला, नोकरीवर का ठेवावं? मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण मी एवढंच म्हटलं, की त्या चित्रात माझ्या समोर अध्यक्षसाहेबच बसले आहेत. रंगराव पाटलांनी पानदान दोनदा उघडलं, मिटलं आणि मग म्हणाले, "जाऊ द्या बे. पोरी शिकून राह्यल्या ना तिच्या हाताखाली? मंग झालं." नोकरी राहिली.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. चैत्रात बोलपट नागपूरला लागेल. तू वहिनीला घेऊन जाशील आणि अंधारात अचानक मला बघशील. ते तुला आधी माझ्याकडून कळावं. दुसरं असं, की यंत्रासमोर जे बोलता आलं ते तुझ्यासमोर मला कधीच बोलता आलं नसतं. तू माझ्या भल्याचंच बघतोस, हे मला ठाऊक आहे. उत्तमरावांना मी नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही, कारण मी त्यांना ओळखतच नाही. चैत्रातली तारीख मोडून टाक. त्यांना एकदा जानेफळला पाठव. आई ओसरीवर बसेल, मी त्यांच्याशी तासभर बोलेन. त्यांची लेकरं आईच्या आठवणीने रडतात तेव्हा ते काय करतात, मी शाळेत शिकवत राहिले तर चालेल का, आणि ते कशाने हसतात, एवढं मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. मग काय ते मी सांगेन. मीच सांगेन.

तुझीच,
शालू