लग्नाच्या हॉलवरची प्रयोगशाळा

द्वारका, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनीस,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण दोघं भांडतो म्हणून तुझ्या आईने हुकूम काढलाय, कारखान्याचा विषय यापुढे कागदावरच. तेव्हा लिहितो.

गुरुग्रामची नोकरी सोडून तू पानिपतजवळच्या त्या गावात जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून आवाज शोषणारे तक्ते बनवतेस, याचा मला अभिमानच आहे. पण शेजारच्या राज्याने तुला तयार शेड देऊ केलीय, सगळे परवाने एकाच खिडकीवर. मी शहरविकास मंत्रालयात नोकरी केली, असा प्रस्ताव रोज येत नाही हे जाणतो. तुझी नगरपालिका तुला काय देते? महिनाअखेर उत्तर द्यायचंय ना? हट्ट सोड. तब्येतीला जप, आणि रागावलीस तरी लिही.

तुझे
बाबा (भाऊराव)


१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. आईचा हुकूम शिरसावंद्य.

शेड पाहून आले. चकाचक आहे. पण बाबा, तिथे आजूबाजूला या धंद्यातलं कोणीच नाही. इथे माझं पिंजण्याचं यंत्र बंद पडलं तर समोरचे अनुराग जैन, माझेच प्रतिस्पर्धी, आपला मेकॅनिक पाठवतात. वर टोमणा मारतात की बिटिया, नोकरीच बरी होती.

अडचण वेगळीच आहे. तक्ता आगीत किती टिकतो याचा दाखला नसेल तर गुरुग्रामची ऑफिसं माल घेत नाहीत. नमुना दूरच्या शहरात जातो, निकाल यायला दोन-दोन महिने. गल्लीतल्या सगळ्यांचं हेच रडगाणं. पालिकेची एक दुमजली इमारत रिकामी पडलीय. तिथे आम्ही सामाईक प्रयोगशाळा मागितली, यंत्रं आम्ही वर्गणीतून आणू. नगराध्यक्षांना मात्र तिथे बँक्वेट हॉल हवाय. येत्या २६ला जनसुनावणी आहे. याल? उत्तर मी त्यानंतरच देईन.

तुमची हट्टी
लुंबिनी


२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आई,
सप्रेम जय भीम. बाबा सुखरूप पोचले असतील. सुनावणीचं ते स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून लिहिते.

त्यांनी आमच्या प्रयोगशाळेच्या बाजूने उठून अगदी दफ्तरी हिंदीत धोरण समजावलं. अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं, अंकलजी, गरिबाने मुलीचं लग्न कुठे करायचं? हायवेवरच्या हॉलचं भाडं त्याला झेपतं का? टाळ्या पडल्या. बाबा म्हणाले, तुमचं खरं आहे, मी हा विचार केला नव्हता. पण लग्न इथे झालं आणि काम इथे नसलं, तर ते जोडपं गाव सोडून जाईल. मागून अनुरागजी उठले आणि म्हणाले, ही मुलगी माझं गिऱ्हाईक पळवते, तरी माझीही मागणी तीच आहे.

कार्यकारी अधिकारी विजया मलिक यांनी मार्ग सुचवला, खाली हॉल, वर प्रयोगशाळा. हात वर झाले, शेवटी अध्यक्षांचाही. मी दुसऱ्या राज्याला नकार कळवलाय. भीती वाटतेय गं. बाबांना सांग, त्यांचा राग मी सोसेन.

तुझी
लुंबिनी


१८ मार्च २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

प्रयोगशाळा सुरू झाली. पहिला नमुना माझा. सगळ्यांदेखत भडकन जळाला. खाली वरातीचा बँड वाजत होता आणि वर मला रडू फुटलं. दुसरं राज्य नाकारून मी हे काय करून बसले, असं झालं. अनुरागजींनी उरलेला तुकडा चाचपला. म्हणाले, ॲक्रिलिक फार झालंय, लोकर वाढव. संध्याकाळी नवा तक्ता केला. तो अर्धा जळाला. त्यानंतरचाही गेला. काल एक टिकला, काठ फक्त काळवंडले.

अधिकृत दाखला अजूनही बाहेरूनच आणायचाय, पण आता टिकणाराच माल पाठवेन. पूर्वी आपण चुकलो हे कळेपर्यंत ऋतू बदलायचा. आता दुपारी चुकते, संध्याकाळी दुरुस्त करते. पालिकेने काय दिलं, असं तुम्ही विचारलं होतंत. चुकायला हाकेच्या अंतरावर जागा दिली, बाबा. बाकीचं आम्ही पाहून घेऊ.

अनुरागजींना माझं मिश्रण कळलंय, उद्या तेही तसाच तक्ता काढतील. काढू देत. त्यांचं मिश्रणही मी रोज पाहतेय.

आईला जय भीम. दोघांची माया पाठीशी असू द्या.

तुमची
लुंबिनी