पाचवा नट

रविवार, संध्याकाळ, दुबई

आणि फोनवर दादाचं परत तेच. "पंक्चरच काढायचं होतं तर आपलं दुकान काय वाईट होतं रे?" दुकानात तो चाकाचा नट कसला की त्यावर पाना ठोकून मोठ्यांदा मोजतो. मी इथे ते सोडलं. गोऱ्या मेकॅनिकांसमोर लाज वाटते.

चोवीस तासांच्या शर्यतीचे शेवटचे दोन तास, आमची गाडी तिसरी. मी मागचं चाक लावलं, गाडी सुसाट गेली, आणि पाचवा नट कसल्याचं आठवेना. चार आठवत होते. बोललो तर बक्षीस जाणार. नाही बोललो तर आत बसलेला माणूस...

शेवटी फोरमन युसूफभाईंना सांगितलंच. त्यांनी लगेच गाडी परत बोलावली. पाचवा नट नुसत्या बोटांनी फिरला. अजून बोटांत फिरतोय.

"हबीबी, अब गिन के कस. जोर से," युसूफभाई म्हणाले. मोजले सगळ्यांसमोर, एक ते पाच, मराठीत.

आलो सातवे. बक्षीस खलास. दादाला काय सांगू? दुकानाच्या कॉम्प्रेसरसाठी हजार दिरहम कबूल केले होते. सातशे पाठवतोय, म्हणजे सोळा हजार रुपये.